इंग्रजी वाक्यातील दोष : ओळख आणि दुरुस्ती



महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. राज्यकारभाराची भाषा मराठी झाली, तरी बँका, विमा कंपन्या व परराज्यांतील कार्यालये यांच्याशी पुष्कळदा इंग्रजीतूनच पत्रव्यवहार करावा लागतो. २००० सालापासून राज्यातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे इंग्रजी वाक्यातील चुका कोठून उद्भवतात, हे शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी या दोघांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे. यांतील बऱ्याच चुका मनात तयार झालेल्या मराठी वाक्याला केवळ इंग्रजी शब्द चढविल्याने होतात.

मराठीत 'जरी' आले की 'तरी' येते. इंग्रजीत 'ऑलदो' आल्यावर 'बट' लागत नाही. 'ऑलदो इट रेन्ड, बट द वेल इज ड्राय' या वाक्यातील 'बट' गाळला, की वाक्य शुद्ध होते. 'तो तीन वर्षांपासून काम करीत आहे' याचे 'ही इज वर्किंग सिन्स थ्री इयर्स' असे रूपांतर सर्रास आढळते. तेथे 'ही हॅज बीन वर्किंग फॉर थ्री इयर्स' असे हवे. 'सिन्स' आरंभ दाखवितो, 'फॉर' कालावधी दाखवितो.

काही ठिकाणी मात्र मराठीच साहाय्यास येते. 'द लिस्ट ऑफ बेनिफिशिअरीज आर एन्क्लोज्ड' असे लिहिणारी व्यक्ती मराठीत 'लाभार्थ्यांची यादी जोडल्या आहेत' असे कधीच लिहिणार नाही. यादी एकच असल्याने 'आर' ऐवजी 'इज' हवे.

दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडणे हाही नित्याचा दोष आहे. 'द रोड इज डॅमेज्ड, रिपेअर्स आर नीडेड' येथे पूर्णविराम द्यावा, किंवा स्वल्पविरामानंतर 'सो' हे अव्यय घालावे.

सर्वांत हानिकारक दोष 'करून', 'पाहून' यांसारख्या रूपांतून येतो. 'विहिरीची तपासणी करून पाणी अयोग्य आढळले' हे मराठीत खपून जाते. त्याचेच 'हॅविंग इन्स्पेक्टेड द वेल, द वॉटर वॉज फाउंड अनफिट' असे केले, तर इंग्रजी व्याकरणानुसार विहिरीची तपासणी पाण्यानेच केली, असा अर्थ होतो. प्रश्न केवळ हास्यास्पद अर्थाचा नाही. तपासणी कोणी केली, हेच अशा अहवालातून नाहीसे होते. उद्या गावात साथ उद्भवली, तर त्या कागदावरून जबाबदारी कोणाची हे ठरविता येणार नाही. 'द हेल्थ वर्कर इन्स्पेक्टेड द वेल अँड फाउंड द वॉटर अनफिट' या वाक्यात कर्ता, कृती व निष्कर्ष ही तिन्ही स्पष्ट होतात.

दुरुस्तीची रीत साधी आहे. प्रथम वाक्यातील क्रियापद शोधावे. ती क्रिया कोणाची, हे विचारावे. कर्ता व क्रियापद यांचे वचन जुळते का, ते पाहावे. शेवटी वाक्य मोठ्याने वाचावे. जेथे अडखळावे लागेल, तेथे ते तोडावे.

शिक्षकांनी चुकीवर लाल रेघ ओढून थांबू नये. तिच्याशेजारी मूळ मराठी वाक्य लिहून दोन्ही भाषांच्या रचनेतील भेद दाखवावा. चूक का झाली हे एकदा उमगले, की ती टाळणे विद्यार्थ्याच्या हाती येते. आपल्या भाषेची घडण ज्याला नीट ठाऊक आहे, त्याला दुसऱ्या भाषेची घडणही लवकर आकळते.