हुप्प्याचे राज्य, माद्यांचे घर



सातपुड्याच्या पायथ्याच्या या अचलपुरात वांदरावर व्याख्यान देणे म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला जाण्यासारखे आहे. काळ्या तोंडाचा हा प्राणी आपल्या छपरांवरून आणि संत्र्यांच्या बागांतून हिंडतो. मारुतीचा म्हणून आपण त्याला हात जोडतो, आणि कौले फुटली की त्याच हातांनी दगड उचलतो. पण त्याच्या टोळीत कोण कोणाचे असते, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आज आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

टोळीतला दांडगा नर तो हुप्प्या. त्याचा हुंकार ऐकला की टोळी त्याची, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती उलट आहे. टोळी असते माद्यांची. आजी, आई, मावशी, लेक अशा त्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच टापूत नांदतात. काळपट लवेचे नवजात पिलू पहिल्या दिवसापासूनच या मावशीकडून त्या मावशीकडे फिरत असते. मुलगे मात्र बाहेर पडतात आणि सड्या नरांच्या टोळ्यांतून भटकतात. हुप्प्या हा असाच बाहेरून आलेला, दोन-तीन वर्षांच्या मुदतीचा घरजावई होय! समागमाचा पुढाकारसुद्धा बहुधा मादीच घेते. पाठ वळवून, शेपूट खाली टेकवून, मान झटझट हलवून ती आपली इच्छा कळविते.

या घराला दुःखाचीही एक बाजू आहे. १९५८ ते १९६० या काळात फिलिस जे या अमेरिकन विदुषींनी उत्तर प्रदेशातील कौकोरी आणि बस्तरमधील ओरछा येथे वानरांचा अभ्यास केला. त्यांना अनेक नर एकत्र, बव्हंशी शांतपणे नांदताना दिसले. त्यानंतर थोड्याच वर्षांत युकिमारु सुगियामा या जपानी संशोधकांनी धारवाडजवळ निराळेच पाहिले. नवा नर टोळी काबीज करी, आणि आईच्या अंगावरची पिले मारली जात. त्यांनी एका टोळीतला नर मुद्दाम काढून पाहिला, तेव्हाही बाहेरून दुसरा आला आणि पिलांचा बळी गेला.

हे का घडावे? १९७१ पासून अबूच्या पहाडावर वानरे पाहणाऱ्या सारा हर्डी यांनी याचा उलगडा असा केला : पिलू अंगावर पीत असेतो मादी माजावर येत नाही, ते गेले की लवकर येते, आणि नव्या नराची मुदत तर थोडी. पुष्कळांना हे पटेना. गर्दीमुळे आलेली ही विकृती असावी, असे ते म्हणत. पण १९९९ साली नेपाळमधील रामनगरच्या वानरांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली. पिले मारणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते, असे तीत आढळले.

माद्याही स्वस्थ बसत नाहीत. म्हाताऱ्या माद्या हल्लेखोरावर धावून जातात. गाभण मादीसुद्धा नव्या नराला आमंत्रण देते. पिलू आपलेच असेल, असा भ्रम त्याला व्हावा, हा त्यातला लाभ असल्याचे हर्डी सांगतात.

आता आफ्रिकेतील काँगो नदीच्या दक्षिणेकडील बोनोबो पाहा. १९२९ साली विज्ञानाने या वानराची स्वतंत्र नोंद केली, आणि तकायोशी कानो यांनी १९७० नंतरच्या दशकात वाम्बा येथे त्याचा दीर्घ अभ्यास आरंभिला. येथे रीत उलटी. लेकी घर सोडतात, आणि मुलगे आईजवळ राहतात. म्हणजे गटातल्या माद्या बहुधा परस्परांना परक्या! तरीही त्या एकमेकींचे केस विंचरतात, अन्न वाटून घेतात, आपापसांतही लैंगिक सलगी करतात, आणि नर अंगावर आला तर एकजुटीने त्याला हुसकावतात. रानात बोनोबो नराने पिलू मारल्याचे निश्चित उदाहरण नोंदलेले नाही. आईच्या वजनावर मुलाचेही भले होते. आई गटात असलेल्या नरांना संतती अधिक होते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

येथे मोह होतो तो दाखले काढण्याचा. एकजण वांदर दाखवून पुरुषी दांडगाईला निसर्गाचा आधार शोधील. दुसरा बोनोबो दाखवून स्त्रीराज्याचा. श्रोतेहो, हे प्राणी आमचे स्मृतिकार नव्हेत! काळ्या तोंडाचे हे वानर कौकोरीला एक वागते आणि धारवाडला दुसरे, तेथे त्याच्या वर्तनातून माणसाचा धर्म कोणता काढावा? आपला न्याय आपल्यालाच ठरवावा लागेल.

मात्र व्यवहाराला उपयोगी असा एक बोध यात निश्चित आहे. बागेची नासाडी झाली की ‘हुप्प्याला धरून दूर सोडा, म्हणजे टोळी जाईल’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. बागायतदाराचे नुकसान खरे आहे, त्याची चीड रास्त आहे. पण टोळी हुप्प्याच्या मागे आलेली नसते. तो तिच्या मागे आलेला असतो. त्याला नेले तरी माद्यांचे माहेर तेथेच राहते. नवा नर येतो, आणि त्या फेरबदलाची किंमत पिलांनी मोजावी असा धोका उभा राहतो. बाग मात्र पूर्वीसारखीच लुटली जाते. त्यापेक्षा देवळापाशी पोळ्या आणि केळी टाकणे आपण थांबवावे, आणि फळांच्या दिवसांत शेजाऱ्यांनी मिळून बागांची राखण करावी. राखणीचे काम कंटाळवाणे खरे. परंतु टोळी कोणाची हे ओळखून केलेला उपाय तोच आहे.