वामनदादांचं शेवटचं कडवं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



धम्मावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, ते काम भन्तेजींचं. विहार समितीनं आम्हांला विषय दिला आहे लोककवी वामनदादा कर्डक यांचा, आणि त्यातही त्यांच्या ध्वनिमुद्रित गाण्यांचा. म्हणजे रेकॉर्डवर, कॅसेटवर आणि आता पोरांच्या मोबाईलमध्ये दादा किती उरले, हा प्रश्न.

चरित्र आपण जाणता, म्हणून थोडक्यात सांगतो. नाशिक जिल्हा, सिन्नर तालुका, गाव देशवंडी. जन्म १५ ऑगस्ट १९२२. लहानपणी अक्षरओळख झाली नाही. मुंबईत आले आणि पोटासाठी पडेल ते काम केलं. एकदा कुणीतरी पत्र वाचून दाखवा म्हणून पुढे केलं आणि दादांना ते वाचता येईना. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. मग जाणत्या वयात ते गुरुजींसमोर बसून अक्षरं गिरवू लागले. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं आणि पुढली साठ वर्षं हात थांबला नाही. १५ मे २००४ रोजी दादा गेले. ज्यांच्या खड्या गळ्यातून दादांची गाणी गावोगाव पोचली ते प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी २३ जूनला गेले. दीड महिन्याच्या आत लिहिणारा हात आणि गाणारा गळा, दोन्ही गेले.

गाणी किती? दहा हजार, असं म्हणतात. मोजली कोणी हे विचारू नका, दादांनी तर नक्कीच मोजली नाहीत. 'वाटचाल' १९७३ साली निघालं, 'मोहोळ' १९७६ साली, 'हे गीत वामनाचे' १९७७ साली. ही पुस्तकं घराघरांत हवीत, पण त्यांत मावणार किती? बाकीची गाणी वह्यांत, चिठोऱ्यांत, गायकांच्या ट्रंकेत आणि माणसांच्या तोंडी राहिली.

आता गायन पार्टीत गाणं कसं होतं ते जुन्या मंडळींना आठवत असेल. पेटी, ढोलकी, मागे कोरस धरणारे दोघे-तिघे. आधी एखादा शेर, त्यावर वाहवा, मग ध्रुवपद. एक कडवं झालं की गायक थांबणार. बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर काय केलं, काळाराम मंदिरापुढे काय झालं, हे दोन वाक्यांत समजावणार आणि पुन्हा ध्रुवपदावर येणार. मधेच कुणी दोन रुपये बक्षीस दिले की देणाऱ्याचं नाव पुकारणार. एक गाणं वीस मिनिटं सहज चालायचं. आणि दादा स्वतः उभे राहिले की कवी कुठं संपला आणि रंगमंचावरचा गडी कुठं सुरू झाला हे कळत नसे. समोरची माणसं बघून ते कडवी पुढं-मागं करत. चाल पुष्कळदा लोकांच्या कानातली, सिनेमातलीसुद्धा असायची. त्यावरून काही विद्वान मंडळी नाक मुरडतात. अहो, दिवसभर राबून आलेल्या बाईला चाल आधीच पाठ असली की तिचं सगळं ध्यान शब्दांवर राहतं. शब्द पोचवायचे होते, चाल मिरवायची नव्हती.

ही रीत दादांनी एकट्यानं काढली नाही. त्यांच्याआधी आंबेडकरी जलसे होते आणि त्याच्याही आधी सत्यशोधकांचे जलसे. नाशिककडचेच भीमराव कर्डक यांचा जलसा तर खुद्द बाबासाहेबांनी वाखाणला होता. त्या जलशांबद्दल आज जे कळतं ते बरंचसं भीमरावांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवलं म्हणून. पुस्तकात प्रसंग मिळतो, कवनं मिळतात. ढोलकीवर थाप पडल्यावर समोरच्या मैदानात काय व्हायचं, ते मात्र कागदावर उतरत नाही.

आणि इथंच रेकॉर्डचा विषय येतो. जुनी लाखेची तबकडी होती ना, तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं आवाज मावायचा. नंतरच्या लहान तबकड्यांनाही मोजकीच मिनिटं. वीस मिनिटांचं गाणं तिच्यात बसवायचं म्हणजे कात्री आलीच. शेर गेला, समजावणी गेली, बक्षीस पुकारणं तर गेलंच. मग कडव्यांवर पाळी आली. पहिलं कडवं कापता येत नाही, कारण गाणं तिथून उभं राहतं. कापलं जातं ते बहुधा शेवटचं.

आता शेवटच्या कडव्यात काय असतं? कवीचं नाव असतं! तुकोबांपासून शाहिरांपर्यंत आपल्याकडची ही जुनी चाल आहे. शाहीर मंडळी तिला छाप म्हणतात. दादांनी कितीतरी गाण्यांच्या अखेरीस 'वामन' ही छाप मारून ठेवली आहे. ज्या माणसाला एकेकाळी साधं पत्र वाचता येत नव्हतं, तो आपलं नाव गाण्यात कोरून ठेवतो, याला आम्ही मोठेपणाची हौस म्हणणार नाही. तो त्यांचा सातबारा होता. कागद हरवला, वही भिजली, गायक बदलला, तरी शेवटचं कडवं गायलं की गाणं कुणाचं ते लोकांना कळावं, एवढी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. कात्री नेमकी त्या सातबाऱ्यावर चालली.

पुढं १९८० नंतर कॅसेटचा जमाना आला. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. म्हणजे जागा वाढली, हो की नाही? पण मग एका बाजूला पाच-सहा गाणी बसवू लागले आणि कडवी पुन्हा तीनच. वरच्या रंगीत कागदावर गायकाचा फोटो, कंपनीचं नाव आणि किंमत. कवीचं नाव असलंच तर मुंगीएवढ्या अक्षरांत. आमच्याजवळ एक कॅसेट आहे, कंपनीचं नाव घेत नाही. तिच्यावर दादांच्या गाण्यापुढे 'पारंपरिक' असं छापलं आहे. कॅसेट निघाली तेव्हा दादा हयात होते, गावोगाव गात फिरत होते. जिवंत माणसाला परंपरेत ढकलून दिलं, म्हणजे मानधनाचा प्रश्नच मिटला!

तरीही आम्ही कॅसेटला नावं ठेवणार नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचे आवाज त्या पट्टीवर चढले नसते तर चौदा एप्रिलला आणि चौदा ऑक्टोबरला आपल्या वस्त्यांवर काय वाजलं असतं? सिनेमानंही दादांना थोडी जागा दिली. १९५९ सालच्या 'सांगत्ये ऐका'मध्ये त्यांचं गाणं आहे. सिनेमाच्या त्या गाण्यात आणि दीक्षाभूमीवर ऐकू येणाऱ्या गाण्यात एकच हात आहे, हे आपल्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसतं. दादांच्या उतारवयातल्या कार्यक्रमांच्या चित्रफिती आता इंटरनेटवर सापडतात. आवाज थकलेला आहे, दम लागतो, पण शेवटचं कडवं ते सोडत नाहीत. मुद्दाम ऐका.

म्हणून समितीपुढे आमची एक मागणी आहे. तुमच्या माळ्यावर, कपाटाखाली, बिस्किटांच्या डब्यात जुन्या कॅसेटी असतील. कंपनीच्या नकोत, त्या कुठंही मिळतील. आम्हांला हव्यात त्या घरी भरलेल्या. कुणाच्या लग्नात, कुणाच्या पुण्यानुमोदनात, विहाराच्या पायाभरणीत कुणीतरी टेप चालू करून ठेवला होता, त्या. त्यांत खोकला आहे, पोरांचं रडणं आहे, बक्षिसाची पुकार आहे आणि गाणं पुरतं आहे. त्या लगेच वाजवून बघू नका. पट्टीला बुरशी धरलेली असते, ती यंत्रात गुंतली की संपलं. तशाच आणून द्या. सोबत चिठ्ठीवर गाव, साल, गायक, आणि आठवेल तर पेटीवर कोण होतं ते लिहा.

आणि कॅसेट नसेल तर आपल्या आजीला आणा. मागच्या पावसाळ्यात आम्ही शेजारच्या वस्तीवर एका आजींकडे बसलो होतो. कॅसेटवरचं गाणं लावलं. तीन कडवी झाली, गाणं संपलं. आजी म्हणाल्या, "बंद का केलं? अजून दोन हायेत की." आणि त्यांनी दोन्ही म्हणून दाखवली. दुसऱ्यात वामनदादांचं नाव होतं. आजींना लिहिता येत नाही. आमच्या सोबतच्या पोरीनं ती कडवी वहीत उतरवून घेतली आणि पुन्हा वाचून दाखवली, तर आजींनी तिच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

समितीनं त्या वहीला 'शेवटची कडवी' असं नाव दिलं आहे. वही दारापाशी टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेन दोरीला बांधलेला आहे. आज जेवणं झाली की गायन पार्टी बसणार आहे. पेटी आलेली दिसते. पार्टीच्या मंडळींना आम्ही आधीच सांगून ठेवलं आहे की वेळेची चिंता करू नका, कडवी सगळी घ्या. जयभीम.