घरी फोन लावण्याआधी

राज्यभरातून आलेल्या समुपदेशक-शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे: शाळेतून घरी जाणारा फोन.

नववीतल्या मुलाच्या दप्तरात चिठ्ठी सापडते, दुसऱ्या मुलाला लिहिलेली. वर्गशिक्षक ती मुख्याध्यापकांकडे देतात. वडिलांना फोन जातो, "ताबडतोब शाळेत या." मुलाला कुणी काही विचारत नाही. केबिनमध्ये वडील खुर्चीवर बसतसुद्धा नाहीत. उभ्यानंच चिठ्ठी वाचतात. रात्री पट्टा निघतो, मोबाइल काढून घेतला जातो, "असली थेरं करायची तर या घरात राहायचं नाही" हे ऐकवलं जातं. थोड्याच दिवसांत हजेरीपटावर त्याच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागते. हाच मुलगा कल्याणच्या फलाटावर सापडला की आपण म्हणतो, घरच्यांनी हाकललं. ते खरंच आहे. पण घरच्यांना कळवलं कुणी? आपण. तेही गुन्हा कळवावा तसं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, मुलाच्या संमतीशिवाय त्याच्या लैंगिक कलाबद्दल घरी अवाक्षर काढायचं नाही. त्याच्या जिवाला धोका वाटत असेल, तर पालकांना जरूर बोलवा. बोलणं मात्र धोक्याबद्दलच ठेवा.

मुलींच्या बाबतीत हे सगळं आणखी गुपचूप होतं. शाळा सुटते, स्थळं बघायला सुरुवात होते, आणि आपण दाखल्यावर सही करून मोकळे होतो. २०२१ मध्ये एकमेकींवर प्रेम करणाऱ्या मदुराईच्या दोन तरुणी घरच्यांच्या धाकानं पळून चेन्नईला आल्या. ते प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढे होतं. या विषयातलं आपलं अज्ञान त्यांनी उघडपणे मान्य केलं आणि आधी मानसशास्त्रज्ञांबरोबर बसून विषय समजून घेतला. मग पोलिसांपासून शाळांपर्यंत सगळ्यांसाठी निर्देश दिले. न्यायमूर्तींना जे जमलं, ते आपल्याला का जमू नये?

कायदा थोडा आधार देतो. तृतीयपंथी व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणं हा २०१९ च्या कायद्यानं गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. 'गरिमा गृह' नावाचे निवारेही निघाले, पण ते प्रौढ तृतीयपंथी व्यक्तींसाठी. पंधरा वर्षांच्या समलिंगी मुलाला घराबाहेर काढलं, तर त्याच्यासाठी १०९८ ही हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती. त्यापलीकडे खास त्याच्यासाठी म्हणावा असा निवारा नाही. म्हणून त्याचं घर टिकवणं हेच आपलं पहिलं काम.

आणि घर टिकतं, हे मी पाहिलं आहे. आई आधी विचारते, "माझं काय चुकलं?" मग, "डॉक्टरकडे नेऊ का? लग्न लावून दिलं तर सुधारेल?" तिला घाईनं शहाणपण शिकवू नका. तुमचं काही चुकलेलं नाही, हे तिला पुन्हा पुन्हा सांगा. असा कल 'बदलून' देण्याचे उपचार करणं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, हेही सांगा. त्यानंतर तिची गाठ दुसऱ्या आईशी घालून द्या, कारण आपलं न ऐकणारी आई तिचं ऐकते. मुंबईत 'स्वीकार' हा अशा पालकांचाच गट आहे. वडिलांशी बोलताना मी ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं उदाहरण देते. त्यांच्या वडिलांनी लक्ष्मीला घराबाहेर काढलं नाही. परंपरेला धरून चालणारं ब्राह्मण कुटुंब होतं ते.

सॅन फ्रान्सिस्कोत केटलिन रायन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरानं सर्वाधिक झिडकारलेल्या समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण, फारसं न झिडकारलेल्यांपेक्षा आठपटीहून जास्त आढळलं. घरानं सगळं एका दिवसात स्वीकारावं, असा माझा आग्रह नाही. मारहाण आणि टोमणे थांबले, ताट वाढलं गेलं, एवढ्यानंही मूल तगतं.

शाळेतही रोजचं छळणं चालूच असतं. 'बायल्या' म्हणून चिडवलेला मुलगा मधल्या सुट्टीत मुतारीत जायला घाबरतो, म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. डबा तसाच परत जातो. आई म्हणते, भूक मेलीय. आपण कारण विचारलं तर कळेल. तृतीयपंथी मुलांविषयी शिक्षकांसाठी केलेली एनसीईआरटीची पुस्तिका २०२१ मध्ये तक्रारीनंतर लगेच मागे घेतली गेली. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण मुतारीबाहेर शिक्षक उभा करायला पुस्तिका लागत नाही.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. मुलाच्या लेखी संमतीशिवाय शाळेनं त्याच्या कलाबद्दल कुणालाही कळवू नये. जूनच्या पहिल्या पालकसभेत, कुणाचंही नाव न घेता, या विषयावर बोललं जावं. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी समुपदेशकानं स्वतः जावं. मसुदा तुमच्या फायलीत शेवटच्या पानावर आहे. रात्री वाचा, खोडा, दुरुस्त करा. ज्यांना विरोध करायचा आहे, त्यांनी सकाळी दहाच्या आत माझ्याशी बोलावं.