‘अत्यावश्यक’ कोणास म्हणावे?



२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. आगगाड्या व एस.टी. थांबल्या, अनेक रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभागही बंद झाले. प्राण वाचविणारे उपचार तेवढे ‘अत्यावश्यक’ ठरले. पक्षाघातानंतर पुन्हा चालावयास शिकणारा मजूर, मज्जारज्जूला इजा झालेला तरुण यांचे उपचार तूर्त थांबले तरी चालेल, असे गृहीत धरण्यात आले. हे गृहीतच चुकीचे होते.

पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने बहुमोल असतात. गमावलेली हालचाल प्रामुख्याने याच काळात परत मिळते. व्यायाम थांबला की स्नायू आखडतात, सांधे जखडतात, अंथरुणास खिळलेल्यास शय्याव्रण होतात. वेळ टळल्यावर तीच सेवा दिली तरी सारे भरून येत नाही.

टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती. शिवाय, वाचा गेलेल्या रुग्णाने फोनवर काय सांगावे? लुळा हात उचलावयास दुसरा हातच लागतो.

तो हात बहुतेक घरांत स्त्रीचा होता. तिचे हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात शून्य धरले जातात. म्हणजे शासनाचा खर्च वाचला असे दिसले, तरी प्रत्यक्षात तो गरिबाच्या घराच्या खाती वर्ग झाला.

मात्र सारा दोष महामारीच्या माथी मारता येणार नाही. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. परंतु गाडी थांबताच गडचिरोलीच्या रुग्णास ती असून नसल्यासारखी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ८ आपत्तीत समान संरक्षणाची हमी देते. कलम २७ पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकते, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. ही मर्यादा अंदाजपत्रक ठरविते, आणि अंदाजपत्रक राजकारण ठरविते. सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या आरोग्य धोरणातील उद्दिष्ट गाठले गेले नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तालुक्यापासून आरंभ करावा. ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे कायम पद आहे काय, असल्यास ते भरलेले आहे काय, याची विचारणा करावी. आशा सेविकांना याचे शिक्षण व त्या कामाचे वेगळे मानधन मिळावे. आणि पुढील साथीपूर्वीच ‘अत्यावश्यक’ सेवांच्या यादीत पुनर्वसनाचे नाव लिहून घ्यावे.