परसातला शेजारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलण्याचा मान दरवर्षी कोणा विदुषीला मिळतो. यंदा कार्यवाहबाईंनी तो माझ्यासारख्या घरात रमणाऱ्या बाईला दिला. “लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलात, तिथे काय पाहिलेत ते सांगा,” असे त्या म्हणाल्या. मी तिथे उंच इमारती पाहिल्या, बर्फाचा डोंगरही पाहिला. पण आज सांगणार आहे ते एका लहानशा घराविषयी आणि त्याच्या भोवतालच्या गल्लीविषयी.

2023 च्या उन्हाळ्यात मी सिअ‍ॅटल शहरी होते. शहर सधन आहे. मोठ्या कंपन्यांमुळे कामे वाढली, पण घरभाडीही तशीच वाढली, आणि ज्यांना ती झेपली नाहीत ते रस्त्यावर आले. पुलाखाली, फुटपाथवर तंबू ठोकून माणसे राहतात. 2015 च्या नोव्हेंबरात तिथल्या शहराने व काउंटीने यावरून आणीबाणी जाहीर केली होती. संबंध अमेरिकेत 2024 च्या जानेवारीतील गणतीत एका रात्री 7 लाख 71 हजारांहून अधिक माणसे बेघर आढळली. वैभवाच्या देशातला हा आकडा ऐकून मी चकित झाले.

या शहरात रेक्स होलबाइन नावाच्या वास्तुशिल्पकारांनी ‘फेसिंग होमलेसनेस’ ही संस्था काढली. त्यांचे पहिले सांगणे अगदी साधे होते. रस्त्यावरच्या माणसाला चुकवून जाऊ नका, निदान नमस्कार तरी म्हणा! पुढे त्यांनी आपल्या कन्येबरोबर ‘ब्लॉक प्रोजेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधली वस्ती, आपण आळी म्हणतो तशी. शहरातल्या प्रत्येक आळीत एका तरी कुटुंबाने आपल्या परसात एक लहान घर बांधू द्यावे आणि रस्त्यावर दिवस काढलेल्या एका माणसाला तिथे शेजारी म्हणून राहू द्यावे, अशी ही कल्पना. परसात दुसरे घर बांधण्याची मुभा त्या शहराने 2009 सालीच दिलेली होती. 2017 साली पहिले घर उभे राहिले.

घर केवढे? 125 चौरस फूट. आपल्याकडे चाळीत एवढ्या खोलीत सहा माणसांचे संसार झाले! पण त्यात एका माणसाला लागेल ते सारे आहे. पलंग, ओटा, न्हाणीघर, छपरावर उन्हापासून वीज करणारी तावदाने आणि दारापुढे चिमुकली ओसरी. बांधायला स्वयंसेवक येतात. राहणारा माणूस समाजसेवी संस्थांमार्फत येतो, आणि त्याचे औषधपाणी, कागदपत्रे यांची विचारपूस त्या संस्थेचे कार्यकर्ते करतात. यजमानाने व्हायचे ते फक्त शेजारी.

माझ्या लेकीच्या ओळखीच्या एका बाईंच्या परसात असे घर होते. त्यांच्याकडे चहाला जाताना माझ्या मनात काय होते ते लपवीत नाही. चोरी झाली तर? दारू पिऊन आला तर? घरात मुले आहेत! मी हे विचारले, तेव्हा त्या बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आमच्या आळीतल्या सगळ्यांनी हेच विचारले. घर बांधण्याआधी आम्ही शेजाऱ्यांना बोलावून सगळ्यांच्या शंका ऐकून घेतल्या. भीती बोलून दाखवली म्हणजे ती निम्मी होते.”

पण खरी अडचण पुढेच होती, आणि ती चोरीची नव्हती. ते गृहस्थ राहायला आले त्या आठवड्यात सारी आळी मदतीला धावली. कोणी खाऊ आणला, कोणी कोट आणला, कोणी नुसतेच “बरे आहात ना?” म्हणून दार वाजवले. चार दिवसांनी गृहस्थांनी दार उघडणेच सोडले! बाईंना वाटले, आपले काही चुकले. कार्यकर्तीने समजावले की, या माणसाने कित्येक वर्षे उघड्यावर काढली. ज्याला दार नव्हते त्याला दार मिळाले आहे, ते बंद करून बसण्याचे सुख त्याला घेऊ द्या. मग ठरले, ओसरीवरचा दिवा लागलेला असेल तरच दार वाजवायचे. दिवा नसेल तर निमूट परतायचे. पुढे दिवा रोज लागू लागला.

भगिनींनो, मला यात फार मोठे शहाणपण दिसले. आपण एखाद्याला निवारा देतो, तेव्हा दाराची कडी बाहेरून आपल्या हाती ठेवतो. केव्हा यायचे, कोणाला आणायचे, किती कृतज्ञ राहायचे, हे सारे आपण ठरवतो. कडी आतून असली, तरच ते घर. न्यू यॉर्कला 1992 साली एका संस्थेने हाच क्रम धरला होता. आधी माणूस सुधारू द्या, मग घर, असे न म्हणता आधी घर द्यायचे आणि मग त्याच्या आजाराकडे, व्यसनाकडे पाहायचे. ही रीत पुढे इतर देशांनीही उचलली.

दुसरी गोष्ट वाटीची. मी एकदा त्या गृहस्थांसाठी डब्यातून शिरा पाठवला. तीन दिवसांनी डबा परत आला तो घासून पुसून, आणि आत काळ्या रसरशीत ब्लॅकबेरी! तिथे उन्हाळ्यात रस्त्याकडेला त्यांची जाळी फळांनी लगडलेली असते. त्यांनी स्वतः तोडून आणल्या होत्या. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, हे आपल्या आजीने आपल्याला शिकवले. सातासमुद्रापलीकडे ते मला एका परक्या गृहस्थांनी पुन्हा शिकवले. तोवर मी त्यांना गरीब समजत होते. त्या दिवसापासून ते शेजारी झाले. आळीतली मंडळी गावाला गेली की तेच कुत्र्यामांजरांना खाऊ घालीत आणि झाडांना पाणी देत.

सगळेच इतके गोड नाही. एका घराला पैसा, परवानग्या आणि दिवस लागतात. प्रत्येक आळीत एक घर हे स्वप्न अजून फार दूर आहे. सगळ्यांचेच जमते असेही नाही.

आता मला आपल्या गल्लीविषयी बोलायचे आहे, आणि ते बोलणे सोपे नाही. आपल्यापैकी पुष्कळजणींना आमच्या जिन्याखाली गाठोडे घेऊन निजणारी म्हातारी आठवत असेल. जिन्याला जाळीचे दार बसवून कुलूप लावावे, असा अर्ज सोसायटीकडे गेला होता. तो मी लिहिला होता. अक्षर माझे, पहिली सही माझी. दार बसले आणि म्हातारी गेली. कुठे गेली ते मी विचारले नाही. तिचे नावदेखील मला ठाऊक नव्हते. सिअ‍ॅटलहून परतल्यावर मी देवळापाशी, स्टँडवर चौकशी केली. कोणाला काही सांगता आले नाही.

आपल्याकडे परस उरलेले नाहीत, तेव्हा तिथली घरे इथे आणा असे मी म्हणत नाही. पण आपल्याजवळ एक जुनी रीत आहे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एका घराला जो भार झाला असता, तो सात घरांना जाणवतही नसे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा असे बजावले, आणि नगरपालिकांची निवारा केंद्रे चालतात. पण तिथून बाहेर पडून खोली घ्यायची म्हटली की एकट्या बाईला अनामत कोण देणार? तिची ओळख कोण सांगणार?

ते आपण सातजणींनी करावे, एवढीच माझी विनंती आहे. निवारा केंद्रातील एका बाईला आपल्या गल्लीत भाड्याची खोली मिळवून द्यायची. एकीने अनामतीची व्यवस्था पाहायची, एकीने आधारकार्ड-रेशनकार्डाची, एकीने दवाखान्याची, एकीने कामाची. उरलेल्या तिघींनी फक्त आठवड्यातून एकदा चहाला बोलवायचे आणि तिने बोलावले तर तिच्याकडे जायचे. खोलीची किल्ली मात्र तिची. आपण दार वाजवायचे आणि थांबायचे.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने तसे म्हणावे. शंका आधी ऐकलेल्या बऱ्या. चहापानानंतर मी या टेबलापाशी वही घेऊन बसणार आहे. वहीत सात वार लिहिले आहेत. शनिवारपुढे माझे नाव घातले आहे. सहा वार मोकळे आहेत.