स्वस्त टीव्ही, भारी टीव्ही

(वाचनवर्गातल्या मंडळींपुढे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने केलेले भाषण)



मी मास्तर नाही, पुढारीही नाही. तालुक्याच्या पेठेत माझं लहानसं दुकान आहे. आधी मी रेडिओ दुरुस्त करीत असे. मग घरोघर टीव्ही आले, तेव्हापासून टीव्ही. या कामाला तीस वर्षं होऊन गेली.

तुमच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, “सोयाबीनचे पैसे हाती आलेत. चार घरांत टीव्ही घ्यायचं चाललंय. कुणी म्हणतं स्वस्तातला बरा, कुणी म्हणतं एकदाच काय तो भारी घ्यावा. तुम्ही येऊन सांगा.”

मी टीव्ही विकत नाही, बिघडलेला नीट करतो. तुम्ही कोणताही घेतला तरी माझ्या पदरात काही पडत नाही. पडलंच तर तो बिघडल्यावर!

आधी माझीच फजिती सांगतो. तुम्हाला वाटेल, टीव्हीवाल्याच्या घरी टीव्ही झकास असणार. तसं नव्हतं. २०१९ साली आमचा जुना डबा गेला. मी बाजारात गेलो आणि सगळ्यांत स्वस्त होता तो ३२ इंची आणला. चित्र चांगलं होतं. तीन हजार रुपये वाचवले म्हणून मी खूश.

घरात वडील. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. कानानं थोडे कमी ऐकायचे. नवा टीव्ही पाटीसारखा पातळ. आवाजाचे कर्णे बारके, तेही मागच्या बाजूला. आवाज भिंतीवर आपटायचा आणि घोगरा होऊन परत यायचा. वडिलांनी आधी खुर्ची पुढं ओढली. मग विचारायला लागले, “काय म्हणाली रे ती?” आम्ही एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा वैतागलो. मग त्यांनी विचारणं सोडलं. जेवण झालं की बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. आम्ही म्हणायचो, म्हाताऱ्याला टीव्हीचा कंटाळा आला. मला समजायला महिना गेला. लोकांच्या टीव्हीचे आवाज मी नीट करतो, आणि घरातला माणूस अंधारात बसला ते मला दिसलं नाही.

त्यावर काय केलं ते शेवटी सांगतो. आता दुकानात चला.

दुकानात एका भिंतीवर दहा-पंधरा टीव्ही लावलेले असतात. एक ३२ इंची, दहा-पंधरा हजारांचा. त्याच्या शेजारी एक मोठा, पन्नास हजारांचा. लाखाच्या वरचेही असतात. मोठ्यावर काय चाललेलं असतं? निळा समुद्र, लाल पोपट, फळं कापलेली. बघत राहावं असं चित्र. मग बारका टीव्ही डोळ्यांना फिका वाटतो.

पण बाबांनो, तो पोपट तुमच्या घरी येणार नाही. ती खास काढलेली फिल्म असते. टीव्हीचा उजेड आणि रंगही दुकानात चढवून ठेवलेले असतात. दुकानदाराला म्हणा, “भाऊ, पोपट बंद करा. सह्याद्री वाहिनी लावा.” आपण घरी जे बघणार, तेच दुकानात बघायचं. मग दोन्ही टीव्हींत फरक किती राहतो ते मोजा.

हे असं का होतं? पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, रांगोळीसारखं. साध्या ३२ इंची टीव्हीच्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. भारी टीव्हीला ‘फोर-के’ म्हणतात. त्याच्यावर सुमारे ८३ लाख. ऐकायला केवढं वाटतं! पण चित्र येतं कुठून? आपल्याकडे बहुतेक घरांवर सरकारी फ्री डिशची छत्री आहे. २००४ साली ही सोय सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. गरिबाला फार चांगली सोय आहे. पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्यांचं चित्र जास्तीत जास्त चार लाखांच्या आसपास ठिपक्यांचं असतं. चार लाख ठिपके ८३ लाखांच्या पडद्यावर ताणले तर चित्र मोठं होतं, स्पष्ट होत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

ज्याच्या घरी इंटरनेटची तार आली आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या आडात पाणी आहे, त्यानं मोठा पोहरा घ्यावा. पण फोनचं इंटरनेट टीव्हीला जोडून सिनेमे बघू, असा बेत असेल तर हिशेब करा. चांगल्या चित्राला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. तुमच्या फोनला रोज दीड जीबी मिळत असेल, तर अर्ध्या तासात नायक-नायिकेची भेट व्हायच्या आत सगळं खलास.

मग भारी टीव्ही घ्यायचाच नाही का? असं माझं म्हणणं नाही. पैसे कशाला जास्त द्यायचे, ते बघा.

आकाराला द्या. टीव्हीचं माप तिरकं धरतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ३२ आणि ४३ यांत अकराच इंचांचा फरक वाटतो. पण पडदा जवळजवळ पावणेदोन पट होतो! घरात दहा माणसं आहेत, सोपा लांब आहे, आईला डोळ्यांनी कमी दिसतं, तर ४३ इंचीचे जादा पैसे वाया नाहीत. पूर्वी ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवर कर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. त्यामुळं दोन्हींच्या किमतींतलं अंतर थोडं कमी झालं आहे. खोली दहा फुटांची असेल तर मात्र ५५ इंची भिंतीवर लावून मान दुखवून घेऊ नका.

दुसरं, बाजूला उभं राहून बघा. आपल्याकडे टीव्हीसमोर रांगेत कोण बसतं? एक जण खाटेवर, एक दारात, बाई चुलीपाशी. काही पडदे बाजूनं बघितले की फिके दिसतात, काही तसेच राहतात. याचा किमतीशी थेट संबंध नाही. भारी टीव्हीतही फिके पडणारे आहेत. दुकानात चार पावलं इकडं-तिकडं फिरायला पैसे लागत नाहीत.

आणि आवाज. तो कसा तपासायचा हे मी वडिलांकडून शिकलो. डोळे मिटा आणि बातम्या ऐका. प्रत्येक शब्द कळतो का? गाणं लावून बघू नका, गाणं सगळ्याच टीव्हीवर बरं लागतं.

आता तुम्हाला वाचता येतं. मग खोकं वाचा ना! खोक्यावरची अक्षरं बहुतेक इंग्रजी असतात, पण आकडे तुम्हाला नोटांवरून ठाऊक आहेत. कोणत्या महिन्यात, कोणत्या साली तयार झाला ते छापलेलं असतं. दोन वर्षं गोदामात पडलेला माल नवा म्हणून घेऊ नका. कमाल किंमत छापलेली असते. तिला फार भुलू नका. पंचेचाळीस हजार छापायचे आणि ‘तुमच्यासाठी चोवीस’ म्हणायचं, ही जुनी रीत आहे. किंमत चार दुकानांत विचारल्याशिवाय कळत नाही.

टीव्हीच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. समजा, लहान टीव्हीला ५० वॅट आणि मोठ्याला १३०. रोज चार तास लावला तर लहान टीव्ही महिन्याला ६ युनिट वीज खातो, मोठा साडेपंधरा. लाईटबिल तुम्हीच भरणार, दुकानदार नाही.

गॅरंटीचा कागद वाचा. नसेल येत तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. किती वर्षं? दुरुस्तीला माणूस घरी येतो की टीव्ही घेऊन शहरात जायचं? हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नावही न ऐकलेल्या कंपनीचा टीव्ही माझ्याकडे येतो, आणि सुटा भाग मिळत नाही म्हणून तसाच परत जातो. आतल्या दिव्यांची पट्टी गेली तर हजार-दोन हजारांत भागतं. पण पडदा फुटला, तर खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. आणि फुटलेला पडदा गॅरंटीत बसत नाही. पोरांचा चेंडू गॅरंटी ओळखत नाही! पडदा ओल्या फडक्यानंही पुसू नका. पाणी ओघळून खालच्या कडेत जातं आणि पडदा कायमचा जातो. असे वर्षाला दहा-बारा टीव्ही माझ्याकडे येतात.

पक्की पावती मागा. पावती असेल तर भांडता येतं. १९१५ हा ग्राहकांच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.

आता हप्त्यांचं. पाटीवर लिहितात, ‘बिनव्याजी’. धरून चाला, टीव्ही २४ हजारांचा. दोन-दोन हजारांचे बारा हप्ते. वर फाइलचे आठशे. झाले २४,८००. तोच टीव्ही रोख पैसे मोजून मागितला तर दुकानदार २२,५०० ला देतो. मग वरचे २,३०० कशाचे? त्यालाच व्याज म्हणतात. हप्ता घ्यायचा तर घ्या, पण व्याज आहे हे समजून घ्या.

माझ्या एका गिऱ्हाइकानं, नाव सांगत नाही, ५५ इंची टीव्ही हप्त्यानं घेतला. पोरांचा हट्ट, भावकीत मोठेपणा. जूनमध्ये मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरायची वेळ आली आणि त्याच आठवड्यात हप्ता. त्यातच रात्री वीज कडाडली. टीव्हीची पिन भिंतीत, छत्रीची तारही लावलेली. आतली पाटी जळली. गडी माझ्या दुकानात बसला होता. म्हणाला, “दादा, टीव्ही बंद हाय, पर हप्ता चालू हाय.” मी त्याची मजुरी घेतली नाही. पण सुट्या भागाचे पैसे घ्यावेच लागले. मुलीचे पैसे त्यानं दोन शेळ्या विकून भरले. पोरगी शिकतेय, एवढं बरं झालं. आकाशात गडगडलं की पिन आणि छत्रीची तार दोन्ही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

राहिली माझ्या वडिलांची गोष्ट. मला वाटलं होतं, आता भारी टीव्ही घ्यावा लागणार. किंमत विचारूनही आलो. मग एक दिवस दुकानात जुन्या टेपरेकॉर्डरचे दोन कर्णे अडगळीत दिसले. एका गिऱ्हाइकानं टाकून दिले होते. एक लहानसा ॲम्प्लिफायर आणला, टीव्हीच्या मागं भोकात तार जोडली आणि कर्णे वडिलांच्या खुर्चीशेजारी ठेवले. सातशे रुपये खर्च आला. ज्यांना एवढी खटपट जमणार नाही, त्यांना बाजारात तयार पट्टी मिळते, दोन-तीन हजारांत.

संध्याकाळी बातम्या लागल्या. वडील ओट्यावर होते. आवाज बाहेर गेला. ते उठून आत आले, खुर्चीत बसले, आणि माझ्यावर ओरडले, “अरे, आवाज कमी कर! मी काय बहिरा आहे?”