जादा हमी घ्यावी का?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी मी २,४०० रुपयांचे बिनतारी इअरबड घेतले. भाजी निवडताना कीर्तन ऐकावे, एवढीच हौस. दुकानदार म्हणाला, "ताई, आणखी ४०० द्या, हमी एक वर्षाने वाढेल." मी कागद न वाचताच पैसे दिले. चारचौघांत बारीक अक्षरे वाचत बसायची लाज वाटली, हे खरे कारण.

चार महिन्यांनी बसमधून उतरताना एक बड गर्दीत पडला, तो गेलाच. कागद घेऊन गेले, तर उत्तर मिळाले, "हरवल्याला हमी नाही." मग घरी येऊन कागद वाचला. मूळ बनावटीत दोष असेल तरच दुरुस्ती. पडले, भिजले, हरवले तर काही नाही. बॅटरीची झीजही वगळलेली. या वस्तूचे आयुष्य तर त्या इवल्याशा बॅटरीवरच! शेकडो वेळा चार्ज केली की ती मंदावते, आणि सहसा बदलताही येत नाही. शिवाय पहिल्या वर्षाची हमी बहुतेक कंपन्या किमतीतच देतात.

म्हणून माझे मत असे, की स्वस्त इअरबडला जादा हमी घेऊ नये. ते पैसे डब्यात बाजूला ठेवावेत. वस्तू महाग असेल आणि पडणे-भिजणे लेखी सामील असेल, तरच हिशेब करून घ्यावी. पावती जपावी. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

माझे ४०० रुपये गेले, पण दुकानात कागद वाचायची लाजही गेली. एवढे सांगून मी आपली रजा घेते.